अनसूचा वाणवळा

उंचनगर नावाचं एक शहर होतं, आणि नाव अगदी बरोब्बर ठेवलं होतं बरं का! तिथं इमारतीच इमारती, एकीपेक्षा एक उंच, निळ्या काचांच्या, चंदेरी कठड्यांच्या. बिचाऱ्या ढगांनासुद्धा वाकडी वाट करून जावं लागायचं. त्या इमारतींच्या पायाशी, नाल्याच्या काठाला, एक हिरवागार मळा होता. वरच्या मजल्यावरून बघितलं तर वाटायचं, कुणीतरी रंगीत गोधडी वाळत घातलीये. माठाचा लालचुटुक तुकडा, मेथीचा पोपटी तुकडा, शेपूचा मऊमऊ तुकडा, कडेला चवळीच्या शेंगांची झालर, अन् मधूनमधून भेंडीची पिवळी फुलं.

या मळ्यात पत्र्याच्या एका इवल्याशा खोलीत अनसू राहायची. तिला बाबा नव्हते, आई होती. आईचं नाव मंजुळाबाई. झुंजूमुंजू होताच ती भाजी खुडायची, केळीच्या सोपटानं जुड्या बांधायची, डोक्यावर पाटी घ्यायची आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन बसायची. इमारतीतली माणसं जुडी उलटीसुलटी करून बघायची. "एवढुशी?" म्हणायची, आणि वर कोथिंबीर फुकट मागायची. पाटी रिकामी झाली तर घरी भाकरी, नाही झाली तर उरलेली भाजीच शिजवून तिचं पाणी प्यायचं. अनसूच्या फ्रॉकला इतकी ठिगळं होती, की मूळ कापड कुठलं हे तिलासुद्धा सांगता आलं नसतं.

पण पोर होती मोठी गोड! वाटेवर आलेलं गांडूळ उचलून परत वाफ्यात सोडायची. चिमण्यांसाठी राजगिऱ्याचं एखादं कणीस मुद्दाम राखायची. फक्त बोलायची इतकं हळू, की शेजारच्या वाफ्यातले कोंडाजीतात्या म्हणायचे, "या पोरीच्या तोंडात जीभ आहे का मेथीची काडी?" तात्या तोंडाचे तिखट होते. मळ्यातले सगळ्यांत म्हातारे ते, आणि सगळ्यांत चिडकेही तेच.

एके दिवशी मळ्यात एक साहेब आले. पांढरे बूट, पांढरी टोपी. त्यांच्यामागे एक माणूस चुन्याची फक्की सांडत सांडत येत होता. लालमाठावरून पांढरी रेघ, मेथीवरून पांढरी रेघ! या साहेबांकडे शहर सुंदर करायचं काम होतं. त्यांना हिरवळ फार फार आवडायची. खाता येते ती नव्हे हं, नुसती बघायची! म्हणून लोक त्यांना हिरवळसाहेबच म्हणायचे.

"ऐका," हिरवळसाहेब म्हणाले, "उद्या इथं यंत्र येईल आणि हे सगळं सपाट करेल. इथं मी मखमली हिरवळ लावणार आहे. मध्ये कारंजं आणि चारी बाजूंनी पाट्या, 'हिरवळीवर पाऊल ठेवू नये.' इमारतीतल्या लोकांना वरून बघायला कसं छान दिसलं पाहिजे!"

"आणि आम्ही?" मंजुळाबाईनं विचारलं.

"तुम्ही जा की कुठंतरी. जमीन काय तुमची आहे?"

कोंडाजीतात्या काठी आपटत पुढं आले. "अहो, इथं सगळ्या शहराचा राडारोडा पडायचा! विटा, काचा, गंजके पत्रे! आमच्या बापजाद्यांनी तो वेचला, पाटी पाटी शेणखत ओतलं, तेव्हा कुठं ही माती झाली. माती काय आभाळातून पडली व्हय?"

साहेबांनी बुटावरचा मातीचा एक कण झटकला आणि ते निघून गेले.

मग मळ्यात जी गडबड उडाली म्हणता! उद्या सगळं चिरडणार, तर आजच उपटून विकूया, असं ज्याला त्याला वाटलं. कोवळी मेथी उपटली, बोटभर भेंड्या तोडल्या, मुळे तर अजून शेपटीएवढेसुद्धा झाले नव्हते, तेही ओढून काढले. घाबरलेल्या माणसाला कुठलं आलंय भान! आणि त्या घाईत ते एक भलतीच चूक करून बसले. त्यांनी चिंधीच्या झाडांनाही हात घातला.

चिंधीचं झाड म्हणजे काय, ते सांगते. मळ्यातली चांगली दणकट झाडं असतात ना, त्यांना लाल चिंधी बांधायची. चिंधी बांधली की ते बियाण्याचं झाड झालं. मग कितीही भूक लागो, कुणीही त्याला तोडायचं नाही. बियाणं खाल्लं तर पुढच्या वर्षी काय पेरणार? हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं, पण त्या दिवशी मोठी माणसंच विसरली.

अनसूच्या खोलीमागं घोसाळ्याचा एक वेल होता. वरच्या फांदीला एकच घोसाळं राखलेलं, लाल चिंधी बांधलेलं. ते वाळून सोनेरी तपकिरी झालं होतं, आणि वारा आला की आतलं बी खुळखुळ वाजायचं. अनसू त्या वेलाखाली जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरले आणि आपल्या बारीक आवाजात म्हणत राहिली, "हे बियाण्याचं आहे. याला हात लावू नका. हे बियाण्याचं आहे."

तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या शरयूबाई खाली आल्या. त्यांच्या अंगाला मोगऱ्याच्या अत्तराचा वास येत होता. "अय्या, वाळलेलं घोसाळं! अंघोळीला अंग घासायला काय छान जाळी निघते याची! मला दे गं. मागशील ते देईन."

मागशील ते! अनसूच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. तिनं आईकडे पाहिलं. आई उपटलेल्या कोवळ्या मेथीच्या ढिगाशी डोळ्यांना पदर लावून बसली होती. अनसूला रडू फुटलं, पण मान मात्र हलली ती नाही म्हणायलाच. "ते बियाण्याचं आहे," ती म्हणाली.

"अगं वेडे, उद्या मळाच राहणार नाही. बी घेऊन काय करशील?"

"पेरीन," अनसू म्हणाली.

शरयूबाई परत गेल्या, आणि भर दुपारच्या उन्हात वेलाखाली अनसू एकटीच उरली.

तेव्हा ते घोसाळं हललं. वारा तर मुळीच नव्हता! वाळलेल्या घोसाळ्याच्या बुडाला एक इवलंसं गोल झाकण असतं, पाहिलंय कधी? ते टुण्णकन उडालं, आणि त्यातून दोन चिमुकले पाय बाहेर आले. पायांत चवळीच्या शेंगांचे जोडे! मग आला घोसाळ्याच्या जाळीचा झगा, सोनेरी, झिरझिरीत, त्यावर मेथीदाण्यांची बटणं. मग कांद्याच्या पापुद्र्यासारखे गुलाबी पंख, आणि शेवटी कोथिंबिरीच्या पांढऱ्या फुलांचा मुकुट घातलेलं एक वाटाण्याएवढं डोकं. परी होती ती! अंगठ्याएवढी परी! तिच्याभोवती उजेडाचे कण चमचम करत होते.

"हुश्श!" परी म्हणाली. "केवढं उकडतं आत! काय गं, तूच ना ती, माझ्या घराचा अंगघासणा होऊ दिला नाहीस?"

अनसू बघतच राहिली. "तू... तू कोण?"

"मी बियाणपरी. तुझ्या आईनं राखलेल्या बियात मी होते, तिच्या आईनं राखलेल्यातही मीच होते. ज्यांनी चिंधीची लाज राखली त्यांच्याकडेच मी राहते. आज सगळा मळा घाबरला, आणि तू मूठभर पोर तेवढी राखणीला उभी राहिलीस. हात पुढं कर बघू."

अनसूनं तळहात पसरला. परीनं त्यावर तीन बिया ठेवल्या, काळ्याभोर, चपट्या, पाण्यातल्या खड्यांसारख्या चकचकीत.

"तीन बिया, तीन मागण्या. पण नियम आहेत हं! बियात जे असतं तेवढंच मला देता येतं. सोनंनाणं मागू नकोस, कुणाचा दगड कर म्हणू नकोस. दुसरं म्हणजे, जे उगवेल त्याचा पहिला तोडा तुमचा नाही. तो वाणवळा म्हणून द्यायचा."

वाणवळा अनसूला माहीत होता. शेतात, परसात नवीन काही पिकलं की आधी थोडं थोडं शेजारीपाजारी द्यायचं आणि मग आपण खायचं, तो वाणवळा.

"आणि तिसरा नियम फार अवघड आहे," परी म्हणाली. "मागणं पुटपुटायचं नाही. ज्याची भीती वाटते, त्याच्यासमोर उभं राहायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि मोठ्यानं मागायचं."

"मला मोठ्यानं बोलता येत नाही गं परीताई."

"मग शिकावं लागेल, राणी," परी हसून म्हणाली आणि तिच्या ठिगळांच्या खिशात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र आलं. पिवळंधमक, घुर्रर्र करत, लोखंडी सोंड वर उचललेलं! हिरवळसाहेब पुढं, यंत्र मागं. मळ्यातली माणसं बांधावर गोळा झाली. अनसू एक बी मुठीत घेऊन साहेबांसमोर गेली. ती बुटांकडे बघून पुटपुटली, "हे यंत्र आत येऊ नये..."

बी हातातून पडलं. त्यातून दोन पानांचं इवलंसं रोपटं आलं, आणि जागच्या जागी मान टाकून बसलं.

"गेलं फुकट," खिशातून परी म्हणाली. "तुझं तुलाच ऐकू आलं नाही, तर बियाला कुठून ऐकू येणार?"

यंत्र पुढं आलं. त्याच्या चाकाखाली आईचा लालमाठाचा वाफा गेला, अगदी मुळापर्यंत चिरडला गेला. हिरवा, लाल रस मातीत पसरला. तो वाफा आईनं पाठ मोडेस्तोवर निंदला होता. अनसूनं ते बघितलं. भीती होतीच, पण तिच्यापेक्षा मोठा राग आला. तिनं मान वर केली, साहेबांच्या डोळ्यांत डोळे घातले आणि अशी ओरडली, की इमारतींच्या काचा थरथरल्या!

"हे यंत्र इथं चालणार नाही! याचा मांडव होऊ दे!"

तिनं दुसरं बी खाली टाकलं, ते जमिनीला लागलं न लागलं तोच त्यातून वेल उसळला. सरसर, सळसळ! चाकांना वेढे, दारांना वेढे, लोखंडी सोंडेला तर नखशिखांत हिरवे वेढे! हां हां म्हणता यंत्र दिसेनासं झालं आणि त्या जागी झाला एक उंच मांडव. त्यावर पिवळीजर्द फुलं फुलली, फुलांवर भुंगे आले, आणि सोंडेवरून कोवळी कोवळी घोसाळी लोंबायला लागली. यंत्राचा चालक कसाबसा पानांतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "साहेब, मी उतरू का हो?"

मळ्यात हशा पिकला. कोंडाजीतात्या तर काठी टाकून नाचले.

हिरवळसाहेब मात्र लालबुंद झाले. "एक यंत्र अडवलंत म्हणून काय झालं? उद्या शहरातली सगळी यंत्रं आणतो! बघतो कसे थांबवता ते!" असं म्हणून ते तरातरा निघून गेले.

मांडवाची घोसाळी तोडायला आली होती. मंजुळाबाईनं पाटी आणली. मग अनसूनं सगळ्यांना परीचा नियम सांगितला. पहिला तोडा आपला नाही, तो शेजाऱ्यांना वाणवळा द्यायचा.

"शेजारी?" तात्या म्हणाले. "शेजारी कोण?"

अनसूनं वर बोट केलं. निळ्या काचा, चंदेरी कठडे.

"त्यांना?" तात्या कडाडले. "त्यांना बघायला हिरवळ पाहिजे म्हणून आपल्या पोटावर पाय येतोय! जुडीमागं किती घासाघीस करतात ठाऊक आहे? त्यांना वाणवळा? मी माझी फाटकी चप्पल देईन, पण घोसाळं देणार नाही!"

बाकीचेही माना डोलवायला लागले. अनसूला तात्यांची नेहमी भीती वाटायची, पण आज घसा मोकळा झालेला होता.

"तात्या, वाणवळा कोण देतं? जो इथं राहतो तो देतो. उद्या उठून जाणारा माणूस कशाला देईल? आपण हात जोडायला जायचंच नाही. दारोदार जाऊन सांगायचं, आम्ही तुमचे शेजारी. हा आमच्या मळ्याचा वाणवळा. घ्या. आणि आम्ही इथून उठणार नाही!"

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरगी बोलते तर खरी," ते म्हणाले. "चला रे, भांडी काढा!"

मळ्यात कुणाकडे इतकी भांडी कुठली असायला! वाट्या निघाल्या, ताटल्या निघाल्या, तांबे, डबे, झाकणं, पोचे आलेली पातेली, आणि तात्यांनी तर अंघोळीचा लोटा आणला. सगळ्यांत थोडी थोडी घोसाळी, वर उपटलेल्या मेथीची चिमूट. आणि निघाली वरात! लिफ्टच्या पाळण्यात चढून वरच्या वरच्या मजल्यांवर, दारोदार! टिंग टाँग, टिंग टाँग.

"आम्ही खालच्या मळ्यातले शेजारी. हा वाणवळा. आम्ही इथून उठणार नाही."

कुणी दार धाडकन लावलं. कुणी म्हणालं, "आम्ही काही मागवलं नव्हतं." कुणी फुकट आहे का असं विचारून घेतलं. प्रत्येक दारात अनसूचा आवाज मात्र खणखणीत होत गेला.

एका दारात शरयूबाई होत्या. त्यांनी वाटी हातात घेतली. "वाणवळा," त्या हळूच म्हणाल्या. "अगं, लहानपणी आमच्याकडे यायचा. पहिल्या काकड्या, पहिल्या शेंगा. मी तर हा शब्दच विसरून गेले होते." मग त्यांचे कान लाल झाले. "आणि मी तुझं बियाण्याचं घोसाळं मागत होते! माझं चुकलं गं बाळ."

"असू दे मावशी," अनसू म्हणाली. "वाटी तेवढी परत द्या हं, आमच्याकडे ती एकच आहे."

दुसरी सकाळ झाली, आणि काय सांगू! जिन्यांवरून, पाळण्यांतून इमारतीतली माणसं खाली यायला लागली. सगळ्यांत पुढं शरयूबाई. आदल्या संध्याकाळी त्यांनी दारोदार फिरून सगळ्यांना सांगितलं होतं, की वाणवळ्याचं भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं, ती आपली रीत आहे. म्हणून कुणाच्या वाटीत साखर होती, कुणाच्या ताटलीत लाडू. कुणी तांब्यात तांदूळ भरले होते, कुणी पातेल्यात गरमगरम उपमा. ज्यांनी दार धाडकन लावलं होतं ते एक काकाही आले, खाली मान घालून, हातात केळ्यांचा फणा घेऊन. भांडं नव्हतं म्हणून काय झालं! चिल्लीपिल्ली तर थेट मांडवाखाली शिरली. त्यातल्या कित्येकांनी भेंडीचं फूल पहिल्यांदाच पाहिलं होतं. भाज्या इतक्या सुंदर असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

इतक्यात घुर्रर्र, घुर्रर्र, घुर्रर्र! रस्त्यावरून यंत्रांची रांग आली. पिवळ्या सोंडाच सोंडा, आणि पुढं हिरवळसाहेब! इमारतीतली माणसं बघून ते थबकले. "तुम्ही बाजूला व्हा! तुमच्यासाठीच तर हिरवळ लावतोय!"

"आम्हाला नको तुमची हिरवळ," शरयूबाई म्हणाल्या. "हे आमचे शेजारी आहेत."

"तुम्हाला काय कळतंय!" साहेब ओरडले. "यंत्रं पुढं घ्या!"

अनसूनं शेवटचं बी काढलं. कोंडाजीतात्या धावत आले आणि तिच्या कानाशी लागले. "खाजकुइली माग, पोरी! त्याच्या सदऱ्यात! खाजव खाजव खाजवेल, पुन्हा इकडं फिरकणार नाही!"

खिशात परी खुदखुदली. "देता येईल बरं का. खाजकुइलीसुद्धा बियातूनच येते."

अनसूलाही हसू आलं. पांढऱ्या टोपीतले साहेब उड्या मारत खाजवताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि तिला खरंच मोह झाला! पण मग तिच्या मनात आलं, हे साहेब खाजवत घरी जातील आणि त्यांच्या जागी उद्या दुसरे येतील. मळा एका जागी आहे तोवर कुणीही येईल आणि उपटेल. अन् मागायचं ते नुसतं आपल्यापुरतं कशाला?

ती मळ्याच्या बांधावर चढली. समोर साहेब, त्यांच्यामागे घुरघुरणारी यंत्रं. तिनं थेट साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं. तिनं बी उंच धरलं आणि ओरडली, "उंचनगरात जिथं जिथं मूठभर माती असेल, तिथं तिथं आमचं बियाणं रुजू दे!"

आणि तिनं ते बी आभाळात भिरकावलं.

बी फुटलं. त्याच्या हजार बिया झाल्या, हजारांच्या लाख झाल्या, लखलखत, झगमगत साऱ्या शहरावर सांडल्या! आणि मग जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. कठड्यांवरून मेथी डोकावली. गच्च्यांवर लालमाठ फुलारला. शाळेच्या कुंपणावर दुधीचा वेल चढला, दवाखान्याच्या दाराशी पालक पसरला, रस्त्याच्या मधोमध शोभेची झुडपं होती तिथं वांगी जांभळ्या टोप्या घालून बसली. हिरवळसाहेबांच्या कचेरीसमोर मखमली हिरवळ होती ना? तिथं अळू आला अळू, हत्तीच्या कानाएवढ्या पानांचा! आणि साहेबांच्या बुटाला चिकटलेली मातीसुद्धा सुटली नाही. त्यातून मोहरीचं एक पिवळं रोप हळूच वर आलं.

"आता उपटा साहेब!" अनसू म्हणाली. "कुठून कुठून उपटताय ते बघू!"

साहेबांनी चालकांना हुकूम केला, "उपटा!" पहिल्या यंत्राचा चालक खाली उतरला. "साहेब, आत्ता घरून फोन आला. आमच्या पत्र्यावर भोपळ्याचा वेल चढलाय. पोरं नाचायला लागलीत. मी नाही उपटणार." दुसरा म्हणाला, "मीही नाही." सगळी यंत्रं एकेक करून बंद पडली, आणि इतकं शांत झालं की भुंग्यांची गुणगुण ऐकू यायला लागली.

"मग मीच उपटतो!" साहेब म्हणाले. बांधाच्या कडेला मेथी उगवली होती. ते खाली वाकले, त्यांनी मूठभर मेथी धरली आणि मुळांसकट उपटली. मुळांची ओली माती त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर सांडली.

मंजुळाबाई पुढं आली. ती शांतपणे म्हणाली, "घ्या साहेब. पहिलाच तोडा आहे. तुम्ही वाणवळा घेतलात."

आणि सगळा मळा टाळ्या पिटायला लागला. "साहेबांनी वाणवळा घेतला! साहेब शेजारी झाले!"

"आता रिकाम्या हातानं जायचं नाही हं!" शरयूबाई ठसक्यात म्हणाल्या. "रीत आहे रीत!"

साहेब हातातल्या मेथीकडे बघत राहिले. ताजी, ओली, कडवट गोड वासाची मेथी! त्यांनी आजवर कित्येक एकर गवत लावलं होतं, पण त्यातलं एक पातंही कुणी त्यांना प्रेमानं दिलं नव्हतं. त्यांनी खिसे चाचपले. खिशात शिट्टी होती, रुमाल होता, आणि चुन्याची थोडी फक्की होती. यातलं काय देणार? ते इकडं बघायला लागले, तिकडं बघायला लागले. मळ्यातली माणसं बघत होती, इमारतीतली बघत होती, चालक बघत होते. शेवटी ते जमिनीकडे बघून काहीतरी बोलले.

"ऐकू आलं नाही!" कोंडाजीतात्या म्हणाले.

साहेबांनी टोपी काढली. "मळा राहील!" ते मोठ्यानं म्हणाले. "इथंच राहील! आणि मळ्याला नळाचं पाणी देईन!"

"आणि भाजी विकायला सावलीची जागा!" अनसू म्हणाली. सवलत म्हणून मागितली नाही तिनं, ठणकावून सांगितलं.

"बरं बाई, सावलीची जागासुद्धा!"

त्या शब्दासरशी अनसूच्या खिशातून परी बाहेर आली. आता ती सगळ्यांना दिसत होती. तिचा सोनेरी झगा उन्हात झळकत होता, आणि बघता बघता ती विरळ विरळ होत चालली.

"परीताई, चाललीस?" अनसूच्या डोळ्यांत पाणी आलं. "इथंच राहा ना! मी पुन्हा एक घोसाळं राखीन!"

परी तिच्या नाकाच्या शेंड्यावर अलगद उतरली. "तू भिरकावलंस ते बी होतं ना, त्यात मीच होते, राणी. आता मी सगळीकडे पेरली गेलेय. एका घोसाळ्यात मावणार कशी?" तिनं अनसूची एक पापी घेतली. मग हिरवा, पिवळा, लाल, जांभळा असा लख्ख उजेड झाला, आणि परी त्या उजेडात मिसळून गेली. थोडा वेळ सगळ्यांच्या केसांवर, खांद्यांवर, यंत्रांच्या सोंडांवरसुद्धा उजेडाचे कण चमकत होते.

त्या दिवसापासून मंजुळाबाई सावलीत बसून भाजी विकते, आणि वरून कोथिंबीर कुणी फुकट मागत नाही, हवी तर तीच हसत देते. इमारतीतल्या कठड्यांवर काही किडलं, काही पिवळं पडलं, की लोक तात्यांना बोलावून नेतात. तात्या आधी रागावतात आणि मग औषध सांगतात. त्याचा मेहनताना मात्र ते चोख वाजवून घेतात. अनसूला नवा फ्रॉक मिळाला, दोन वेळची भाकरी मिळाली, आणि ती शाळेत जायला लागली.

अजूनही मधूनच कुणीतरी पांढऱ्या बुटांतला माणूस मळ्याच्या बांधावर येतो. इकडं तिकडं बघतो आणि विचारतो, "काय गं मुली, ही जागा रिकामी होणार आहे का?"

अनसू खुरपं खाली ठेवते, कमरेवर हात घेते आणि म्हणते, "नाही. बसा, भाजी घ्या."

तर अशी ही मळ्याची गोष्ट. तिनं इथं मूळ धरलंय, आता ती कुणाच्या बापाच्यानं उपटायची नाही!